निधी आमचा, टाळीही आमचीच

बारामती-इंदापुरातली भाषणं उभा महाराष्ट्र चवीने ऐकतो. क्लिप फिरते, टपरीवर नक्कल होते, दोन दिवस हसणं होतं. तिसऱ्या दिवशी नवी क्लिप. भाषणात नेमकं काय सांगितलं, हे विचारायला कुणाला सवडच नसते.

विचारायला हवं. कारण हसण्यावारी गेलेली वाक्यंच सगळ्यात महाग पडतात.

एप्रिल 2024. लोकसभेचा प्रचार, गाव इंदापूर, समोर डॉक्टर आणि वकील. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार म्हणाले, लागेल तेवढा निधी देतो, पण तुम्हीही मशीनवर कचाकचा बटणं दाबा; नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल. सभागृहात हशा पिकला.

समोर शिकलीसवरलेली माणसं होती. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123. लाच आणि मतदारावरचा गैरवाजवी दबाव तिथे भ्रष्ट आचार म्हणून नोंदलेत. वकिलाला हे वेगळं सांगावं लागतं का? तक्रार झाली. गमतीत बोललो, असा खुलासा आला. निवडणूक अधिकाऱ्यांना त्यात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. विषय मिटला.

पण वाक्य मिटलं नाही. ते पुढे चालत राहिलं.

जानेवारी 2025, बारामती तालुक्यातलं मेडद. लोक निवेदनं घेऊन आले, गर्दी झाली, आवाज वाढला. तेव्हा अजितदादांनी सुनावलं, मतं दिली म्हणजे तुम्ही माझे मालक झाला नाहीत, मला सालगडी केलंय का? मग नोव्हेंबर 2025, माळेगाव नगरपंचायतीची निवडणूक. तुमच्या हातात मत, माझ्या हातात निधी; तुम्ही काट मारली तर मीही काट मारणार.

इंदापूर, मेडद, माळेगाव अशी ही तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा. मत देणारा मालक नाही, हे मेडदला ठरलं. मग माळेगावात निधीचा मालक कोण होता?

राज्याचा पैसा खर्च करायला विधिमंडळाची मंजुरी लागते. विनियोजन विधेयक त्यासाठीच असतं. आमदाराला दर वर्षी मिळणारा 5 कोटींचा स्थानिक विकास निधीही त्याच तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत बारामतीच्या बाजारात साबण घेणाऱ्या बाईचा कर आहे आणि इंदापूरच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोराचाही. अर्थमंत्र्याच्या घरचं त्यात काही नसतं. ‘देतो’ म्हणणारा माणूस फक्त सही करतो.

सही करण्याचेही उपकार मानायचे?

अजितदादा रोखठोक बोलायचे, हे कौतुक या भागात वर्षानुवर्षं ऐकलंय. कामाचा उरक, पहाटेपासूनची पाहणी, अधिकाऱ्यांना तोंडावर सुनावणं, हे सगळं खरं. लोकांना ते आवडलं, त्यात गैर काहीच नाही. पण आवाज मोठा म्हणून बोलणं खरं ठरत नाही. सरकारी पैशाची अट घालणारं वाक्य गोड बोलून सांगा नाहीतर दरडावून सांगा, अट तीच राहते.

उद्धट शब्दाने उलट एक सोय होते. शब्दावरच भांडण लागतं आणि मुद्दा मागच्या दाराने निसटतो.

एप्रिल 2013 आठवा. दुष्काळ, उजनी धरण तळाला गेलेलं. सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर पन्नासहून अधिक दिवस उपोषणाला बसलेला. इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत अजित पवारांनी त्याच्यावर जे वाक्य टाकलं, ते इथे पुन्हा छापायची गरज नाही. अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. विधिमंडळ ठप्प झालं. माफी झाली. कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभराचं आत्मक्लेश उपोषण झालं.

माफी मागितली, ती शब्दाची. पाण्याचं काय?

तो शेतकरी विचारत होता की उजनीचं पाणी कुणाला, किती आणि आधी कुणाला. शहरांना, कारखान्यांना, उसाला की शेवटच्या टोकाच्या माणसाला? त्याची मागणी आज दहा जणांना विचारा. एकालाही सांगता येणार नाही. शिवीसारखं ते वाक्य मात्र दहाही जण म्हणून दाखवतील. पुढे लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेवरून इंदापूर आणि सोलापूर पुन्हा समोरासमोर आले. गावाचं नाव तेच, धरण तेच, प्रश्नही तोच. उत्तर 2013 च्या सभेतही नव्हतं.

एकट्या अजितदादांना धरून काय उपयोग? या मातीत सगळ्यांनाच वाचा फुटते.

इंदापूरचे हर्षवर्धन पाटील. 2019 ला काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. 2021 मध्ये मावळातल्या कार्यक्रमात म्हणाले, भाजपमध्ये आल्यापासून शांत झोप लागते, चौकशी नाही की काही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये ते शरद पवारांच्या पक्षात गेले. झोपेचं ते वाक्य समोरच्यांनी हसून सोडून दिलं, पण केंद्रीय यंत्रणांवर त्याहून गंभीर आरोप विरोधकांनीही केला नसेल.

इंदापूरचेच दत्तात्रय भरणे. ऑगस्ट 2025, कृषिमंत्री होऊन दोन-चार दिवस झालेले. इंदापुरात महसूल खात्याच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की सरळ काम सगळेच करतात. वाकडं काम करून नियमात बसवणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात. समोर महसुलाची माणसं! सातबाऱ्यावरच्या एका फेरफारासाठी महिनोन्‌महिने चावडीवर खेटे घालणाऱ्याने यातून काय समजायचं?

आणि दिल्लीहून आलेले पाहुणे? ऑक्टोबर 2014 मध्ये नरेंद्र मोदींनी बारामतीच्या सभेत काका-पुतण्याच्या, म्हणजे शरद पवार आणि अजित पवारांच्या, गुलामीतून सुटा, असं आवाहन केलं. फेब्रुवारी 2015 मध्ये ते पुन्हा बारामतीत होते, कृषी विज्ञान केंद्राच्या कार्यक्रमाला. या वेळी त्याच काकांशी आपलं नेहमी बोलणं होतं, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मध्ये चार महिने गेले होते. गुलामी संपली होती का?

आता थोरल्या साहेबांकडे, शरद पवारांकडे वळू. मोजून बोलणारा नेता म्हणून त्यांची ख्याती. पण लोकसभेला लेक सुप्रिया सुळे विरुद्ध सून अशी घरातच निवडणूक लागली आणि तोल तिथेही ढळला. सुनेला निवडून द्या, या अजितदादांच्या आवाहनावर 2024 मध्ये त्यांनी ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ असा फरक केला. विपर्यास झाला, असं नंतर सांगितलं. पण ज्यांच्या सरकारने 1994 मध्ये राज्याचं महिला धोरण आणलं, त्यांच्या तोंडी सून बाहेरची? सासरी आलेल्या किती जणींना ते वाक्य लागलं असेल, याचा हिशेब कोण ठेवतो!

आणि बारामती तालुक्यातलं कण्हेरी. पवारांचा प्रचार इथल्या मारुतीला नारळ फोडून सुरू होतो. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस, विधानसभेच्या वेळी, अजितदादा कण्हेरीत आईचं नाव निघताच गहिवरले. शब्द अडले, डोळे भरले. दुसऱ्या दिवशी त्याच गावात, अजितदादांविरुद्ध लढणाऱ्या पुतण्या युगेंद्र पवारांसाठी शरद पवार बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी रुमाल काढला, चष्म्याखाली डोळे टिपल्याची नक्कल केली. मंडप हसून लोटपोट.

काल ज्या गावाचे डोळे पाणावले, तेच गाव आज हसतंय. दोन सभांत ऊस, दूध, नीरेचं पाणी, तरुणांच्या नोकऱ्या यांपैकी कशाची आठवण राहिली? रुमालाची.

आमच्या दाराशी आलेली निवडणूक त्यांच्या घरातल्या भांडणावर लढली जाते आणि आम्ही वऱ्हाडासारखे दोन्हीकडे पंगतीला बसतो. हे थांबवणं नेत्यांच्या हातात नाही. त्यांचं भागतंय.

मतदार मात्र भोळा नाही. लोकसभेला सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी जिंकल्या, इंदापूरनेही त्यांनाच आघाडी दिली. ‘कचाकचा’ला हसलेल्या तालुक्याने बटण दाबलं ते आपल्या मनाने. सहा महिन्यांनी बारामतीने अजित पवारांना 1,00,899 मतांनी निवडून दिलं. धमकीने मत फिरलं नाही, नकलेनेही नाही.

म्हणजे भाषणाचा असर मतावर होत नाही. तो होतो अपेक्षेवर. आपल्या हक्काचा रस्ता कुणीतरी ‘दिला’ म्हणून हार घालायची सवय लागते. रस्ता उखडला की तक्रार करायला तोंड उरत नाही, कारण उद्घाटनाच्या फोटोत आपणही असतो.

सभेत प्रश्न विचारता येत नाहीत, कबूल. माईक एकच, तोही त्यांच्याकडे. पण ग्रामसभेत विचारता येतात. कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम आली, कंत्राटदार कोण, मोजमाप पुस्तिका कुठे, काम कधी पूर्ण? ही विचारायची जागा कायद्यानेच दिलेली आहे आणि तिथे कुणाचा हात आखडला जात नाही. तिथली गणसंख्या काय लागते माहीत आहे? एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. नेत्याच्या सभेला एकेका गावातून टेम्पो भरभरून माणसं जातात. ग्रामसभेला 100 डोकी भरत नाहीत. मग सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नसते. चार टाळकी जमतात, ठराव मंजूर होतो, खाली सह्या होतात.