जो ओरडेल त्याचा नंबर

जालन्यातल्या दातांच्या दवाखान्यांत हल्ली रीतसर अपॉइंटमेंट मिळते. म्हणजे तुम्हाला अकराची वेळ मिळते, शेजारी गाल धरून बसलेल्या भाऊंनाही अकराचीच, आणि दाराशी चपला काढणाऱ्या तिसऱ्याला ‘अकरापर्यंत या’ असं सांगितलेलं असतं. बारा वाजता काउंटरवरची मुलगी तिघांनाही सारख्याच मायेनं सांगते, “बस दादा, पाच मिनिटं.” सुई न टोचता दिली जाणारी ही एकमेव भूल. फक्त ती चढत नाही.

मग एक गृहस्थ उठतात. बहुधा सगळ्यात शेवटी आलेले तेच असतात. गाडी रस्त्यात तिरपी लावलेली, हातात दोन मोबाइल. “आमच्या टायमाला काही किंमत हाय का नाही?” इथून आवाज निघतो, “डॉक्टरला भायेर बोलवा” या टप्प्यावर जरा दम खातो आणि “मी कोण हाय, माहिती हाय का?” इथवर पोचला की ती मुलगी वहीत काहीतरी खोडते आणि गृहस्थ आत जातात. चिडलेला पेशंट हाताळण्याची आपली मान्यताप्राप्त पद्धत ती हीच. बाकीचे दहाजण हे बघत असतात, आणि माणूस बघून लवकर शिकतो. पुढच्या खेपेला त्यांतले दोघं उठतात. संध्याकाळी डॉक्टर मित्रांना सांगतात, “लोक फार तापट झालेत हो.” झाले नाहीत, साहेब. तुमच्याच बाकड्यावर तयार झाले.

आता या गृहस्थांची दाढ दिवाळीपासून ठणकत होती. दिवाळीत लवंग धरली, संक्रांतीला मेडिकलवरून गोळी आणली, शिमग्यापर्यंत मिसरीवर भागवलं. दाढेला चार-पाच महिन्यांची मुदत देणारा हा उदार माणूस डॉक्टरला वीस मिनिटं द्यायला तयार नाही. आणि हाच नागरिक नळाच्या पाण्याची आठवडाभर वाट बघतो! जायकवाडीचं पाणी पाइपलाइनमधून जालन्यात कधी पोचेल याचा अंदाज बांधत त्याची हयात गेली, पण वॉल्व्ह सोडणाऱ्याला त्यानं कधी ‘मी कोण हाय’ म्हणून विचारलं नाही. वॉल्व्ह कुणाच्या हातात आहे हे त्याला नीट कळतं.

उशीर होतो तरी कशानं? अर्धा उशीर बाकड्यावरच बसलेला असतो. ‘नुसतं दाखवायचंय’ म्हणून मधे घुसणारे एक काका असतात. ते नुसतं दाखवतात, मग एक्स-रे दाखवतात, मग सोबत आलेल्या सुनेचीही दाढ दाखवतात. त्यांच्यानंतर येतो तो तरणा गडी. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि त्या बंदीचं यश बघायचं असेल तर याला तोंड उघडायला सांगावं. एरवी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. याच्या तोंडात दीड. त्या दीड बोटाच्या फटीतून मागच्या दाढेची नस काढायची, म्हणजे कुलूप न उघडता घर झाडायचं. अर्ध्या तासाचं काम सव्वा तासावर जातं.

दातांचं काम तसंही घड्याळाचं ऐकत नाही. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, परत द्यावी लागते, परत थांबावं लागतं. वरच्या पहिल्या दाढेत तीन नसा धरून बसावं तर कोपऱ्यात चौथी लपलेली निघते. अवजारं 121 अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटं ठेवायची असतात. तापणं, निवणं, वाळणं धरून पाऊण तास कुठं जातो कळत नाही. त्यातच लाइट गेली तर कॉम्प्रेसर बंद, कॉम्प्रेसर बंद तर दात कोरायचं मशीन बंद. “लवकर घ्या” म्हणून टेबल ठोकणारा नकळत हेही म्हणत असतो की, मागच्याचीच अवजारं माझ्या तोंडात घाला, चालतंय.

पण म्हणून डॉक्टरांना मोकळं सोडता येत नाही. 1952 साली इंग्लंडात नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञानं इस्पितळांतल्या रांगांचा अभ्यास करून तोडगा काढला. सुरुवातीला दोन रुग्णांना एकदम बोलवा, पुढं एका रुग्णाला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला. डॉक्टर रिकामा बसत नाही, लोकही फार ताटकळत नाहीत. आपल्याकडे यातलं पहिलंच वाक्य पोचलं, तेही दोनाचे सात होऊन. पुढचं बहुधा संभाजीनगरलाच उतरलं.

भिंतीवर 2010 च्या कायद्याचा फलक असतो. डॉक्टरवर हात टाकला किंवा दवाखान्याची मोडतोड केली तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. फलक हवाच, एकाच्या दाढेपायी दुसऱ्याचं डोकं फुटू नये. पण त्याच भिंतीवर एक पाटी मावेल: ‘आज डॉक्टर चाळीस मिनिटं मागं आहेत.’ खर्च एका खडूचा. चाळीस मिनिटं कळली तर माणूस मोंढ्यात चक्कर मारून येईल, चहा पिईल, घरी फोन करेल. ‘पाच मिनिटं’ आठ वेळा ऐकल्यावर तो फक्त उठून उभा राहील.

या सगळ्यात कोपऱ्यातल्या मावशी राहिल्याच. तळणीहून मंठा, मंठ्याहून जालना, असं दोन गाड्या बदलून त्या डॉक्टर यायच्या आधी येऊन बसल्यात. एसटीनं 2023 पासून बायकांचं तिकीट अर्धं केलं. रोज मात्र पुराच बुडतो. पदर गालाला लावून त्या तेव्हापासून गप्प आहेत. त्यांच्यापुढं चारजण ओरडून आत गेले. कुणी त्यांना काही समजावलं नाही, कारण त्या चिडलेल्या दिसत नाहीत. चार वाजता काउंटरवरची मुलगी सांगते, “मावशी, आज नाही व्हायचं, सोमवारी या.” मावशी “बरं बाई” म्हणून उठतात. अशा वेळी दवाखान्याला वाटतं, हा पेशंट फार समजूतदार. हा पेशंट सोमवारी येत नाही. तो मेडिकलवरून गोळी घेतो.

तेव्हा डॉक्टरसाहेब, उशीर झाला की आधी त्या कोपऱ्यात जा आणि विचारा, “मावशी, परतीची गाडी कितीची?” मग टेबल ठोकणाऱ्या भाऊंकडे वळा आणि हसऱ्या चेहऱ्यानं सांगा, “बसा भाऊ, तुमचा नंबर नववा.” आवाजावर नंबर मिळत नाही हे एकदा गावाला कळलं की आवाज आपोआप उतरेल. आणि वाचकहो, दाढ दुखली तर त्याच आठवड्यात जा. नुसतं दाखवायचं असलं तरी फोन करून वेळ घ्या. सुनेचीही दाढ दाखवायची असेल, तर दोन वेळा घ्या.