एक इंच माया

माझ्या लग्नाचा सूट शिवायला टाकला तेव्हा सासूबाई टेलरमास्तरांना, मला स्वच्छ ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, “पँटीला मागं दोन इंच माया ठेवा. जावयांचं अंग सुटणार आहे.” त्या वेळी माझं वजन ५६ किलो होतं आणि ते भाकीत मला फार लागलं. पहिला इंच तिसऱ्या वर्षी उसवला. दुसरा पाचव्या.

ज्यांचा सुईदोऱ्याशी संबंध शर्टाच्या बटणापुरताच येतो त्यांच्यासाठी सांगतो. माया म्हणजे शिवणीच्या आत, कुणाला दिसणार नाही असं राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढंमागं लागलं तर टीप उसवायची आणि ते बाहेर काढायचं. सासूबाई ज्या पिढीतल्या आहेत त्या पिढीनं ही माया फक्त कपड्यांत ठेवली नाही. गाडीच्या वेळेआधी दीड तास फलाटावर हजर. चार माणसांच्या स्वयंपाकाला सहा माणसांची कणीक. शाळेचे बूट दोन नंबर मोठे, पुढं कापसाचा बोळा. माझ्या बायकोला पाचवीत शिवलेला निळा स्कर्ट आठवीपर्यंत चालला. दर जूनमध्ये खालची एक घडी सुटायची आणि घडीच्या जागी न विटलेल्या कापडाची गडद रेघ उरायची. रेघा मोजून मुलगी कितवीत आहे ते सांगता येई.

अशा बाईला तिच्या नातीनं न्यू जर्सीत प्रॉमसाठी स्ट्रॅपलेस झगा शिवायला सांगितला.

प्रॉम म्हणजे अमेरिकेतल्या शाळांचा निरोपाचा नाच. तो मे-जूनच्या सुमाराला असतो. मुलगे भाड्याचे सूट घालतात आणि मुली पायघोळ झगे. सासूबाई सहा महिन्यांसाठी मार्चमध्ये एडिसनला आमच्याकडे आल्या होत्या. ओक ट्री रोडवर पुण्यातलं सगळं मिळतं हे दोन फेऱ्यांत कळल्यावर त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पेठेत ४० वर्षं ब्लाउज शिवलेले हात. घरात एक विजेवर चालणारं शिवणयंत्र होतं, पण ते त्यांना पटलं नव्हतं, कारण पायांना काही कामच नाही. यंत्र चालू झालं की टेबलाखाली त्यांचे दोन्ही पाय आपोआप पायटा मारत.

आई नैतिक आक्षेप घेणार असं धरून बायकोनं भाषणं तयार ठेवली होती. काळ बदलला, देश वेगळा, शिवाय सगळ्याच मुली घालतात. ती सगळी वाया गेली. सासूबाईंचा आक्षेप निव्वळ तांत्रिक होता.

“बाही?”

“नाही, आजी.”

“खांदा?”

“नाही.”

“मुंढा?”

“मुंढा म्हणजे काय?”

सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ब्लाउजचं ड्राफ्टिंग खांद्यापासून सुरू होतं. खांदा टाकायचा, मग मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मग छातीचा चौथा भाग अधिक लूज अधिक माया. खांदाच नसेल तर कागदावर पहिला ठिपका कुठं द्यायचा?

“आणि हे टिकतं कशावर?”

“कॉन्फिडन्सवर,” नात म्हणाली.

“त्याला हुक कुठं लावायचे?”

मग दुकानातून पॅटर्नचं पाकीट आलं. इकडं असे तयार नमुने पातळ टिश्यू कागदावर छापून मिळतात, एकाच कागदावर चारपाच मापांच्या रेघा. माहितीचा खजिना म्हणून घरात माझी कुणालाच गरज नसते, तरी मी सांगून टाकलं की १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले आणि त्यातून हा सगळा धंदा उभा राहिला.

“त्यानं आपली नात पाहिली होती का?” सासूबाईंनी विचारलं.

पाहिली नसावी. पाकिटावरचा तक्ता वाचून नात खोलीत जाऊन बसली. दुकानात ती सहा नंबरचे कपडे घेते आणि तक्ता तिला बारा म्हणत होता. तोही नुसता छातीला, कमरेला जवळजवळ चौदा. खरी गोष्ट एवढीच की तयार कपड्यांचे नंबर वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला खूश ठेवायला खाली घसरत गेले आणि पॅटर्नवाले आपल्या जुन्या आकड्यांना चिकटून राहिले. हे मी दाराबाहेरून समजावून सांगत होतो. सासूबाईंनी मला बाजूला केलं, आत गेल्या आणि म्हणाल्या, “साडीला नंबर असतो का गं? ऊठ, टेप धर.”

दार उघडलं.

आता पाकीट फोडून रेघेवर कात्री चालवायची, असं कुणालाही वाटेल. पण कापलेला कागद परत जुळत नाही, म्हणजे त्यात माया नाही. म्हणून सासूबाईंनी आधी टिश्यूला कोमट इस्त्री केली, वाणसामानाच्या खाकी पिशव्या उसवून सपाट केल्या आणि आख्खा नमुना त्यांवर गिरवून घेतला. छातीला बाराची रेघ, तिथून कमरेपर्यंत हळूच सरकत चौदाची. मूळ कागद जसाच्या तसा घडी करून पाकिटात परत. पिशव्या कमी पडल्या म्हणून मला दोनदा भाजी आणायला धाडण्यात आलं. एकदा तर भाजी नको होती.

उंचीचा घोळ निघाला तो पाठीवर. मानेपासून कमरेपर्यंत बाराच्या मापाची पाठ सव्वासोळा इंच धरतात. नातीची साडेपंधरा. खांद्यावरून लोंबणाऱ्या कपड्यात पाऊण इंच कुठंही जिरतं. इथं झगा कमरेवर उभा राहणार, त्यामुळं धड लांब असेल तर माणूस खाली बसताच तो हनुवटीकडं चालू लागतो. नमुन्यावर दोन समांतर रेघा छापलेल्या असतात, उंची कमी-जास्त इथं करा म्हणून. सासूबाईंनी पाऊण इंचाची घडी तिथं मोडली आणि प्रथमच त्या बटरिकच्या वंशजांबद्दल बरं बोलल्या. “डोकं आहे. सांगून ठेवलंय कुठं मोडायचं.”

मग मांजरपाटाचं कच्चं शिवलं. साटिनला हात लावण्याआधी स्वस्त कापडाचं करून पाहायचं, ही रीत पॅरिसपासून पेठेपर्यंत एकच आहे. नातीनं ते टी-शर्टवरून घातलं, मागून टाचण्या लावल्या आणि तिनं श्वास सोडला. झगा कमरेशी येऊन बसला.

कारण सासूबाईंनी सवयीनं लूज ठेवला होता. दोन इंच. त्यांच्या हाताला दुसरं येतच नाही. हालचालीला जागा नको का, जेवल्यावर काय, उद्या अंगानं भरली तर काय. पण बिनखांद्याच्या झग्याचं शास्त्रच उलटं. वरच्या काठाला लूज शून्य, किंबहुना तो काठ अंगाच्या मापाहून थोडा कमीच हवा. सूचनांचा कागद मी वाचून दाखवला. त्या ऐकत राहिल्या. नंतर दोन दिवस यंत्र बंद होतं. सकाळी चहा घेताना टेबलाखाली पाय मात्र चालू असायचे.

मी त्यांना ‘गिल्डा’तलं ते प्रसिद्ध गाणं दाखवलं. १९४६चा चित्रपट, रिटा हेवर्थ, काळ्या साटिनचा बिनखांद्याचा झगा, ज्याँ लुई या वेशभूषाकाराची करामत. सगळं जग तो प्रसंग रिटा हेवर्थसाठी पाहतं. सासूबाईंनी तो पाच वेळा पाहिला, आणि पाचही वेळा त्यांची नजर तिच्या काखेखालच्या शिवणीवर. “थांबवा. मागं घ्या. बघा, बाई वाकली तरी कापड वाकत नाहीये. आत पट्ट्या घातल्यात.”

पट्ट्या होत्याच. असल्या झग्यात आतून उभ्या पट्ट्यांचा पिंजरा असतो. जुन्या काळी त्या देवमाशाच्या जबड्यातल्या झालरींपासून करत, असं मी म्हणालो आणि पस्तावलो. अंडंसुद्धा न खाणाऱ्या बाईंना ते सांगायची गरज नव्हती. “मग खराट्याचे हीर चालतील,” असं त्या म्हणाल्या. आता प्लास्टिकच्या आणि पोलादाच्या मिळतात हे कळल्यावर त्यांनी माझं गॅरेज तपासलं. तारा बांधायच्या रुंद प्लास्टिक पट्ट्या मी कधीतरी घेऊन ठेवल्या होत्या. त्या कापल्या, टोकं मेणबत्तीवर वितळवून गोल केली, टोचत नाहीत ना ते माझ्या गालावर पाहिलं आणि कामाला घेतल्या. घरी शिवणारे अमेरिकन लोकही हेच वापरतात, असं नंतर कळलं. सासूबाईंना त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

तरी पट्ट्या उभ्या राहणार कशावर, हा प्रश्न होताच. तिसऱ्या दिवशी सूचनांच्या कागदाच्या तळाशी एक चित्र सापडलं. आतून कमरेला एक न ताणणारी फीत, झग्याला चार ठिकाणी टाचलेली, मागं हुकानं घट्ट. झिप लावण्याआधी ही लावायची. सगळा भार तिच्यावर.

सासूबाई ते चित्र बघत राहिल्या आणि मग हसू लागल्या. इतक्या, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

“अगं, नाडी आहे ही! परकराची नाडी! एवढं इंग्रजी घालून नाडीच सांगताहेत!”

खरंच होतं ते. साडेपाच मीटर साडी, निऱ्या, पदर, कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा आणि रुमाल, हे सगळं आपल्याकडं एका नाडीवर तोललेलं असतं. नऊवारीला तर तीही लागत नाही, नेसतानाच्या गाठीवर नऊ वार कापड दिवसभर राहतं आणि बाई त्यात विहिरीचं पाणीही ओढते. झगा छातीवर टिकतो अशी आमची समजूत होती. तो कमरेला टांगलेला असतो. वरचा भाग त्या कमरेवर पट्ट्यांच्या आधारानं फक्त उभा असतो. खांदा नसलेल्या कपड्याचा पहिला ठिपका सापडला होता.

पुढचं भराभर झालं. लूज काढला. वरचा काठ पुढून उघडा राहत होता, तिथं उभ्या जोडांवर दोन्हीकडं पाव इंच चिमटीत धरलं, टाचणी लावली आणि तेवढी पाचर कागदावरून वजा केली, वर पाव इंच, खाली छातीच्या उंचवट्यावर शून्य. “कटोरी ब्लाउजच आहे, उभा चिरलेला,” हा त्यांचा निकाल. दुसऱ्या मांजरपाटाला एक सुरकुती नव्हती. गर्द हिरवं साटिन कापताना त्यांनी घरातला टीव्ही बंद करायला लावला.

चाचणी तळघरात झाली. नात आरशासमोर उभी राहून डौलानं वळत होती. सासूबाई म्हणाल्या, “नाचणार आहेस ना? मग फुगडी घाल.” मायलेकींनी फुगडी घातली. मग हात डोक्यावर नेऊन टाळ्या. मग बसफुगडी. झगा तसूभर हलला नाही. बायकोची पाठ धरली ती आठवडाभर सुटली नाही, पण तो झग्याचा दोष नव्हे.

एका गोष्टीवर मात्र भांडण झालं. नातीचं म्हणणं, आत जास्तीचं कापड राहिलं तर बाजूची शिवण जाड दिसते, पॅटर्नमध्ये पाच-अष्टमांश इंच दिलंय तेवढंच ठेव, तेही कातर. “माया नको, आजी. एकदाच घालायचाय.” सासूबाईंना हे वाक्य कुणीतरी शिवी द्यावी तसं लागलं. एकदाच घालायचा कपडा! रात्री उशिरापर्यंत यंत्राचा आवाज येत होता. सकाळी त्या म्हणाल्या, “कातरली.” अस्तर लावून झालं होतं, त्यामुळं विषय संपला.

प्रॉमच्या संध्याकाळी नात गाडीत बसली तेव्हा तिच्या इवल्याशा पर्समध्ये चार सेफ्टी पिना, सुईत ओवलेला हिरवा दोरा आणि दोन खाकरे सापडले. चारही पिना तशाच परत आल्या. खाकरे आले नाहीत.

ऑगस्टअखेर सासूबाई पुण्याला गेल्या. विमानतळावर आम्ही साडेपाच तास आधी पोचलो होतो. परवा कपाट आवरताना पॅटर्नचं पाकीट हाती लागलं. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: “छाती ३४. कंबर २८. पाठ पाऊण इंच कमी. लूज नाही. माया नाही.” आणि खाली, दुसऱ्या पेननं: “बाजूला १ इंच आहे. अस्तराच्या आत. तिला सांगू नये.”