न्हाणीमागचं गवत

"ऐकलं का वहिनी, गुरुजींच्या सुनेचं गवत मेलं."

कुंपणाच्या तारेवर कपडे वाळत घालता घालता शेजारच्या काकूंनी बातमी दिली. चेहरा सुतकी वगैरे अजिबात नाही, चांगल्या रंगात आलेल्या. गवत मरावं आणि त्याची बातमी व्हावी, तीही कोहमाऱ्यात? इथं पावसाळ्यात आठवडाभर कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या सायकलच्या चाकातूनसुद्धा गवत वर येतं.

"कोणतं गवत हो?"

"थे नागपूरवरून आणलं नाई का, पांढऱ्या तुऱ्याचं. लग्नात स्टेजवर लावतेत तसं. लय महागाचं म्हने."

म्हणजे पम्पास. दक्षिण अमेरिकेतल्या मोकळ्या माळांवरचं गवत ते. ऊन हवं, वारा हवा आणि पायाखाली पाणी निचरणारी जमीन हवी. सूनबाईंनी ते लावलं न्हाणीच्या मागं. तिथली जमीन कन्हार, म्हणजे पाणी धरून ठेवणारी काळी, वरून वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, शिवाय घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी. बिचारं उन्हाळाभर तगलं, श्रावणात बसलं.

"मुळं कुजली असतील," मी म्हटलं.

"कुजली का! वास येत होता. पन मी म्हन्तो वहिनी, पैसे देऊन गवत कायले आनावं? आपल्याकडं कमी हाये का?"

हा प्रश्न मात्र लाखमोलाचा. धान गवतच, बांबू गवतच, ऊस गवतच. काकूंना हे सांगितलं तर त्या क्षणभर थांबल्या. "म्हंजे आमचे बुढे जन्मभर गवतच रोवत आले म्हना!" आणि तेही गुडघाभर चिखलात. ओल्या जागेत काय तगतं हे सांगायला गोंदिया जिल्ह्यात नर्सरीवाल्याची गरज पडू नये, एवढंच माझं म्हणणं.

काकूंच्याच मोरीपाशी एक झाड आहे. उंच हिरव्या दांड्या आणि डोक्यावर पानांची छत्री. नर्सरीत त्याला अंब्रेला पाम म्हणतात. पाम वगैरे काही नाही. दांडी चिमटीत धरून फिरवून पाहा, तीन कडा बोटाला लागतात. गवताची काडी गोल आणि पेराची, ही तीनधारी आणि बिनपेराची. म्हणजे हे आपल्या शेतातल्या नागरमोथ्याच्या घराण्यातलं, मूळ मादागास्करचं. पाण्यात पाय बुडवून बारा महिने मजेत उभं राहतं.

त्याची रोपं करायची रीत मी काकूंकडूनच शिकले. छत्री विताएवढ्या दांडीसकट कापायची, पानं निम्मी छाटायची आणि ती उलटी, म्हणजे डोकं खाली करून, पाण्याच्या ग्लासात ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत जिथं सगळी पानं एकत्र येतात तिथून पांढरी मुळं फुटतात, मधून कोवळा कोंब वर येतो. पाणी मात्र बदलत राहायचं, नाहीतर डासांची शाळा भरते.

पण न्हाणीमागच्या जागेसाठी मला विचाराल तर वाळा. आपण उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांना लावतो, माठात टाकतो, तोच. मूळचा आपल्याच देशातला, नदीनाल्यांच्या काठचा. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-चार मीटरसुद्धा. त्यामुळे बांध धरून ठेवतो, सांडपाण्यातलं बरंच काही पिऊन टाकतो, पूर सोसतो आणि मे महिनाही सोसतो. पावसाच्या तोंडाला ठोंबाचे फुटवे वेगळे करायचे, पानं वीतभर ठेवून कापायची आणि वीत-वीत अंतरावर ओळीत लावायचे. दुसऱ्या वर्षी माणसाएवढी हिरवी भिंत उभी राहते. गवती चहा दिसायला तसाच, पण तो पाण्यात लावू नका. त्याला थोडा उंचवटा लागतो, नाहीतर त्याचीही पम्पाससारखीच गत.

"अन् साप?" काकूंनी विचारलं. विचारणारच होत्या.

साप गवतासाठी येत नाही, बेडकासाठी येतो. आणि बेडूक तुमच्या तुंबलेल्या मोरीत आधीच राहायला आलाय. तरी गवत भिंतीला चिकटून लावू नये आणि होळीच्या सुमारास वाळलेलं सगळं कापून काढावं. ते करायला आळस असेल तर गवत लावूच नये.

एक गोष्ट मी जरा आवाज चढवूनच सांगितली. शोभेचं म्हणून आणलेलं उकिरड्यावर किंवा तळ्यात फेकायचं नाही. बेशरम आठवा. तीही परदेशातून कुंपणाला आणि शोभेला म्हणूनच आली. जलपर्णी तर निव्वळ फुलांच्या हौसेपायी. आज आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या काठांची काय दशा आहे? कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवेगावचा बांध घातला, गावोगावच्या कोहळ्यांनी तळी बांधली, आणि आपण त्यांत बेशरम पोसली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या मासेमार ढिवर बाया ती निस्तरताहेत. बेशरम मुळापासून उपटायची, उन्हाळ्यात तळ्याचा कोरडा भाग नांगरायचा आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावायच्या. मासळीला खायला आणि अंडी घालायला जागा मिळते. ही बागकामाचीच रीत, फक्त परसाऐवजी अख्ख्या तळ्यात.

"देवधान लावलं तं?" काकू एकदम म्हणाल्या. त्यांचं माहेर डोंगरगडाकडचं. तिथं कमरछठीच्या उपासाला नांगर न लागलेलं धान्य लागतं, म्हणून पाण्यात आपोआप उगवलेल्या देवधानाचा भात करतात. तिकडे त्याला पसहर म्हणतात. दिसायला मोठं देखणं, लालसर लांब कुसळांच्या लोंब्या वाऱ्यावर हलतात तेव्हा पम्पासनं लाजावं. खरं सांगायचं तर मला मोह झाला. पण त्याचे दाणे पिकल्याबरोबर गळतात, शिवाय धानाशी त्याचा संकर होतो. आमच्या वाडीच्या पलीकडे लागूनच धानाची बांधी आहे. एकदा तिथं घुसलं की निंदता निंदता जीव जाईल. तळ्यातच शोभतं ते.

"मंग मले वाळ्याचे चार फुटवे द्या," काकू तारेवरून हात पुढे करत म्हणाल्या. "अन् दोन गुरुजींच्या सुनेसाठी. पन मी सांगितलं म्हनू नका. तिच्या सासूशी माझं बोलनं बंद हाये."

"मग कुजल्याचा वास येत होता हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दूधवाल्यानं."