पसरणी घाटातला एकविसावा खंड

मतं विकून पोट भरणारा प्रस्तुत लेखक एका शनिवारी स्वारगेटला पाचगणीच्या एसटीत चढला, तो मतांपासूनच सुटका व्हावी म्हणून. दोन दिवस कशावर अवाक्षर काढणार नाही, असं त्याने घरी जाहीर केलं होतं. घरच्यांनी आनंदाने परवानगी दिली होती.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आजोबा होते. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्याने एसटी बुडणार, असं ते ठणकावून सांगत असतानाच कंडक्टर आला. आजोबांनी गुपचूप आधार कार्ड पुढे केलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट असतो.

कात्रज येईपर्यंत भारतीय संघाची फलंदाजी निकालात निघाली, खंबाटकीपर्यंत मालिकांमधल्या समस्त सुना. वाई आली. इथे मराठी विश्वकोशाचं काम चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली पहिला खंड १९७६ साली निघाला आणि होता होता वीस झाले. आजोबांना इतका वेळ नव्हता. जवळच्या मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं, हे लेखकाने सांगायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, “पडला तो. मारामारी नव्हती त्यात.”

“तुम्ही पाहिलाय?”

“पाह्यला कशाला पाह्यजे?”

आणि मग पसरणी घाटात गाडी थांबली ती थांबलीच. वळणावळणावर पुण्या-मुंबईच्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. इंजिन बंद, पंखे नाहीत. पुढच्या बाकावरचं पोर हिरवंपिवळं झालेलं. आई त्याच्या नाकाशी लिंबू धरून बसलेली आणि ते लिंबूच चावू पाहतंय. आजोबांनी रस्ते, मोबाइल, हल्लीची लग्नं आणि स्ट्रॉबेरीचे भाव हातावेगळे केले. शेवटी न राहवून लेखकानेही वाहतुकीवर दोन शब्द सुनावले.

“करता काय तुम्ही?”

“लिहितो.”

“म्हंजे घरीच असता.”

उत्तर सुचेना, म्हणून लेखकाने खाली दिसणाऱ्या गावाकडे बोट दाखवलं. पसरणी. शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. आजोबा खिडकीशी सरकले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चुलत्याच्या खांद्यावर बसून ऐकलंय मी त्यांना. माइक बंद पडला होता. तरी मागपर्यंत आवाज.”

शाहिरांवर २०२३ साली सिनेमा आला होता. कसा वाटला, असं लेखकाने विचारलं.

“न्हाई पाह्यला,” आजोबा म्हणाले. मत दिलं नाही. पाचगणीपर्यंत दोघंही गप्प होते, आणि लेखकाला चक्क चुकल्याचुकल्यासारखं झालं.

टेबललँड पाहिलं. सपाट आहे.

शनिवारी जाणाऱ्यांनी पहाटेची पहिली गाडी धरावी. दहानंतर घाटात मतांशिवाय काहीही पुढे सरकत नाही.