खेळकर, पण किती?

ब्रीफ लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना मजकूर हवा असतो, तो लिहिणारी फ्रीलान्स मंडळी लातूर, उदगीर, परभणी अशी कुठंकुठं विखुरलेली असतात, आणि मधे मुदखेडात बसून मी कोणी काय नि किती लिहायचं ते कळवत असतो. आमचं गाव जंक्शनचं. आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. गाड्यांना वाट देऊन आपण जागेवर राहायचं, हा गावाचा स्वभाव मलाही लागला असावा.

ब्रीफ जन्मतं तेव्हा चार ओळींचं असतं. मग कोणीतरी लेखात भलतंच काही लिहितं आणि पुढच्या ब्रीफला एक ओळ फुटते. 'मधेच स्वतःच्या कविता घालू नयेत' या ओळीमागे एक कवी उभा असतो. 'घरी लग्न असल्यास आधी कळवावं' यामागे तर अख्खी वरात. माणसं काम सोडून जातात, त्यांच्या ओळी मागे राहतात. जुनं ब्रीफ तपासायला घेतलं की ती एकेक करून भेटत जातात आणि मग एकही ओळ खोडवत नाही. म्हणून लेख सहाशे शब्दांचा आणि ब्रीफ नऊशेंचं.

मधे फुलांवरचा एक लेख आला होता. मुदखेडची फुलशेती नावाजलेली, तेव्हा हे काम घरचंच. क्लायंटचं म्हणणं, मोगऱ्याचा वास वाचकापर्यंत पोचावा, 'सुगंध' हा शब्द पाच वेळा यावा आणि तरी सगळं सहज वाटावं. इथला हारवाला फोनवर एवढंच विचारतो, "लग्नाचा का मयताचा?" तेवढ्यात त्याला फुलं, लांबी, घाई, सगळं समजतं. मी तोच प्रश्न ब्रीफच्या माथ्यावर घालून पाहिला. क्लायंटनं काढून टाकला.

या कामातले खरे दादा म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्याच जांबचे समर्थ रामदास. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियेचा, हे पोथ्या उतरवणाऱ्यांसाठीचं अस्सल ब्रीफ आहे. अक्षर वाटोळं नि मोकळं असावं, शाई कुळकुळीत काळी असावी, पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेस्तोवर टिकावं, ओळीला ओळ भिडू नये, बोरू नाना देशींचे आणावेत. वाचताना वाटतं, लेखनिकांनी समर्थांनाही बरंच पोळलेलं असणार! पण दोन सूचनांपाशी मी दरवेळी रेंगाळतो. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. इथं लिहिणाऱ्यावरचा संशय कुठल्या कुठं विरतो. उरते ती पुढं कधीतरी दिव्याजवळ पान धरून डोळे बारीक करणाऱ्या कुणाची तरी काळजी. माझ्या ब्रीफात वाचकाचं वय असतं, 'पंचवीस ते चाळीस'. त्याच्या डोळ्यांची चौकशी नसते.

'शंका असल्यास फोन करावा' ही ब्रीफची शेवटची ओळ. ती सहसा कोणी मनावर घेत नाही. एकदा रात्री उशिरा लातूरकडच्या एका नव्या लेखिकेनं घेतली.

"दादा, टोन खेळकर ठेवा म्हणलंय. खेळकर म्हणजे किती?"

"घरी आजीला वाचून दाखवलं तर तिला हसू यावं, इतपत."

ती जरा घुटमळली. "आजीला ऐकू येत नाही ना, दादा."

"मग थोडं मोठ्यानं लिहा," मी म्हटलं.