आप्पांची घोडेखरेदी

नवापूर स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आप्पा बसतात ते गुजरातच्या अर्ध्यावर. काठियावाडी घोडा त्या अंगाला, मारवाडीही त्याच अंगाला. मुंबईच्या दिशेला आहेत ते शर्यतीचे थरोब्रेड, आणि त्यांना आप्पा घोड्यांत धरत नाहीत. 'रेसकोर्सवरचं जनावर म्हणजे नुसती टांग,' एवढ्या एका वाक्यात त्यांनी महालक्ष्मी आणि पुणे दोन्ही निकालात काढलेली आहेत.

प्रत्येक गावात असा एक जण असतोच आणि त्याला आप्पा, नाना किंवा दाजी म्हणतात. पायात मोजडी, हातात वेताची छडी, मिशीला पीळ. उणीव एकच, घोडा नाही. आमच्या आप्पांचा धंदा पोल्ट्रीचा. पण शेडमध्ये किती पक्षी आहेत हे विचारलं तर 'मुलगा बघतो' म्हणतात, आणि सारंगखेड्याच्या बाजारात यंदा नुकरे घोडे किती आले ते विचारलं तर खुर्ची पुढे ओढतात.

सारंगखेडा म्हणजे शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. नवापूरहून गाडीने दोंडाईचा, तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने. आप्पा आठ दिवस आधीच नवा रुमाल धुऊन ठेवतात. हा रुमाल सौद्यासाठी. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबायची, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. आप्पांच्या रुमालाखाली इतक्या बोटांची दाबादाबी झालेली आहे, पण एकाही घोड्याचं दावं अजून त्यांच्या हाती आलेलं नाही.

त्यांची पारख मात्र बघण्यासारखी. घोड्याला ते आधी लांबून पाहतात, डोळे बारीक करून. मग कान: मारवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडली पाहिजेत. मग डाव्या हाताने नाकाडाखाली धरायचं, उजव्या अंगठ्याने ओठ उचलायचा आणि पुढचे दात मोजायचे. अडीच वर्षांना दुधाची मधली जोडी पडते, साडेतीनला दुसरी, साडेचारला तिसरी. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. इथवर आप्पा शास्त्राला धरून असतात. यापुढे भोवरे सुरू होतात. गळ्यावर भोवरा असला तर देवमन, मालकाचं भलं. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, घरात रडारड. विकणारा देवमन दाखवतो, आप्पा आसूढाळ शोधतात, आणि घोडा आपला शांतपणे आप्पांचा रुमाल चावत असतो.

एवढं झालं की छडी काखेत मारून प्रश्न येतो, "घोडीना काय भाव शे?"

भाव कितीही सांगितला तरी आप्पा हसतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी कोटींच्या बोलीचे घोडे छापून येतात, त्यांच्यापुढे तर ते तासभर उभे असतात. त्या मालकांना विकायचं नसतं आणि आप्पांना घ्यायचं नसतं, त्यामुळे इतका मनमोकळा व्यवहार दुसरीकडे बघायला मिळत नाही.

एका वर्षी मात्र घात झाला. आप्पांनी निम्म्याहून कमी भाव दाबला आणि विकणाऱ्याने रुमाल झटकून "न्या, दिली!" म्हटलं. आप्पांचा चेहरा उतरला. घोडीला त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, खूर उचलले, शेपूट उचलली. खोड सापडेना. शेवटी म्हणाले, "स्वभाव फार गरीब आहे हो. घोडीत थोडा माज पाहिजे."

घोडा का घेतला नाही याचं अधिकृत कारण वेगळं आहे. 2006च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला, पक्षी मारून पुरावे लागले, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. आप्पांचंही कंबरडं मोडलं, यात खोटं काही नाही. पण ते कारण त्यांनी पुढे पंधरा वर्षं वापरलं. ते झिजत आलं असं वाटत होतं, तोवर 2021 साली साथ पुन्हा आली. आता कुणी विषय काढला की ते दोन बोटं दाखवतात आणि गप्प होतात.

चेतक फेस्टिव्हल सुरू झाल्यापासून सारंगखेड्यात तंबू आले, स्पर्धा आल्या, कॅमेरे आले. बाजेवर नाचणारा घोडा आप्पांना पसंत नाही. 'पलंग माणसासाठी असतो' हे त्यांचं मत. रेवाल चालीच्या शर्यतीत मात्र ते जीव ओततात, कारण तिथे स्वाराच्या हातातल्या भरल्या पेल्यातलं पाणी हलता कामा नये असं ते सांगतात. पेला त्यांच्याखेरीज कुणी पाहिलेला नाही. पुतण्याने एकदा एप्रिलमध्ये मोबाइलवर इंग्लंडातली ग्रँड नॅशनल दाखवली: दोन फेऱ्या, तीस अडथळे, घोडे कुंपणांवरून झेपावताहेत, स्वार गवतात पडताहेत. आप्पांनी शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "एवढी माणसं पडतात तर कुंपण काढून का टाकत नाहीत?"

होळी संपून लग्नसराई लागली की आप्पांचा खरा हंगाम. वरातीची घोडी आली की नवरदेवाला कुणी विचारत नाही, आधी आप्पा. परवाच्या लग्नात घोडी पाहून त्यांचा आवाजच चढला. "चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा! पंचकल्याणी! पोराचं नशीब काढलं!" नवरीकडच्यांनी नमस्कार केला, एका म्हाताऱ्याने घोडीवरून पैसे ओवाळून टाकले. वरात उन्हात दीड तास चालली. बँडवाला दमला, नवरदेव पेंगला, घोडीला घाम फुटला आणि मागचा डावा पाय गुडघ्यापासून हळूहळू तपकिरी व्हायला लागला.

घोडीवाला खाली बघून पुटपुटला, "लग्नापुरता चुना आहे, आप्पा."

आप्पांनी छडीने त्याला बाजूला घेतलं. "मला काय कळलं नाही? लोकांचा आनंद मोडू नये म्हणून बोललो नाही." मग खिशातून रुमाल काढला, घोडीच्या पायाचा चुना नीट पुसला, खालचा खरा रंग निरखला, आणि तोच रुमाल घोडीवाल्याच्या हातावर टाकून आपला हात आत सरकवला.