मेलबर्नवाले भाऊजी

बालाघाटच्या दारूदुकानात बियर दोनच प्रकारची असते: थंडी आणि गरम. गिऱ्हाईक जाळीतून नोटा सरकवतं, "ठंडी है क्या?" एवढंच विचारतं आणि हाती येईल ती बाटली काळ्या पन्नीत घालून चालू लागतं. ब्रँडची चौकशी घरी जावई आला असेल तरच. माइल्ड मागणाऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं असणार, असं सगळे धरून चालतात. अशा त्या जाळीशी साठी ओलांडलेला एक गृहस्थ येतो. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. चष्मा कपाळावर चढवून तो विचारतो, "हेझी पेल एल आली का?" मागची रांग गप्प होते. काउंटरवरचा पोरगा मात्र सरावलेला आहे. "हेजी खतम हो गई अंकल. हंटर दे दूँ?"

जी कधी आलीच नाही ती खतम कशी होईल, हा प्रश्न भाऊजींना पडत नाही. संपली म्हणजे खप आहे, असा अर्थ काढून ते समाधानाने हंटर घेतात आणि घरी येतात.

भाऊजी मूळचे तुमसरचे. सासऱ्यांची धानाची आडत सांभाळायला म्हणून बालाघाटात आले आणि इथलेच झाले. बायको गावची लेक, म्हणून हे अख्ख्या गावाचे भाऊजी आणि त्या सगळ्यांच्या ताई. मुलगा मेलबर्नला नोकरीला. नवराबायको तीन महिने तिकडे राहून आले आणि तेव्हापासून त्यांच्या नावामागे शहराचं नाव लागलं.

परदेशी मुलाकडे राहून आलेले आईबाप आता आमच्याकडे नवलाचे राहिले नाहीत. वारासिवनीत आहेत, कटंगीत आहेत. परत आले की आठ दिवस तिकडच्या रस्त्यांविषयी बोलतात, नवव्या दिवशी इथल्या रस्त्यावर थुंकतात आणि विषय मिटतो. भाऊजींचा मिटला नाही, याला कारण त्यांचं नाक. चाळीस वर्षं हा माणूस तांदूळ हुंगत आलाय. मूठभर तांदूळ तळव्यावर घ्यायचा, त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, चिन्नोर आहे की चिन्नोरच्या पोत्यात बसलेला दुसराच कोणी. चिन्नोरला जीआय मानांकन 2021 साली मिळालं. "माझ्या नाकाने ते आधीच दिलं होतं," असं ते म्हणतात, आणि यात अतिशयोक्ती नाही. वासाच्या बाबतीत भाऊजी थाप मारत नाहीत. बाकीच्या बाबतींत त्यांनी कसर भरून काढली आहे.

तर मेलबर्नला मुलगा-सून कामावर गेले की हे दिवसभर खिडकीत. पोराला दया आली. एका शनिवारी त्याने बापाला एका छोट्या बियर कारखान्यात नेलं. तिथे लाकडी फळीवर चार लहान ग्लास आले, चार रंगांचे. भाऊजींनी सवयीने पहिल्या ग्लासावर वाफ सोडली आणि हुंगलं. तिथली मुलगी म्हणे थक्क झाली. (हा तपशील फक्त भाऊजींकडून कळलेला आहे.) त्यानंतर मुलाने बापाला कुठे फिरवावं हा प्रश्न उरला नाही.

आता आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना जबलपूरच्या पलीकडचं फारसं ठाऊक नाही, पण बायरन बे कुठे आहे ते ठाऊक आहे. तिथल्या स्टोन अँड वूडची पॅसिफिक एल भाऊजींना सगळ्यात प्रिय. तिच्यात गॅलक्सी नावाचं ऑस्ट्रेलियन हॉपचं फूल पडतं आणि त्याने पॅशनफ्रूटचा वास येतो. पॅशनफ्रूट बालाघाटात कोणी चाखलेलं नाही. "कवठ घ्या, त्यात संत्र्याच्या सालीची आतली पांढरी बाजू घ्या," भाऊजी समजावतात. कुठल्याशा दुसऱ्या हॉपबद्दल बोलताना एकदा त्यांनी मांजराच्या मुताचा वास काढला. हा दोष नव्हे, थोडा असला तर गुणच, जाणकार मुद्दाम शोधतात, असा खुलासाही केला.

"अन् त्याचे पैसे देतात?" पटवारींनी विचारलं.

"जास्त देतात."

"आमच्या सज्जावर फुकट येत होता जी."

हे निवृत्त पटवारी भाऊजींच्या बैठकीचे कायमचे सभासद. दुसरे बैहरकडचे तेंदूपत्त्याचे ठेकेदार. तिसरे माळकरी गुरुजी, जे लिंबाचं सरबत घेतात, तरी बियर हुंगून गुण देण्यातून त्यांना सुटका नाही. चौथा मी. बैठक गच्चीवर भरते. 1 एप्रिल 2023 पासून मध्य प्रदेशात दुकानांना लागून असलेले अहाते बंद झाले, तेव्हा गावातली पिणारी मंडळी सैरभैर झाली. भाऊजी मात्र मेलबर्नहून आल्यापासून त्या निर्णयाचं स्वागत करतात. अहात्यात शेंगदाण्याच्या आणि फिनाइलच्या वासात बियरचा वास कसा कळणार, हा त्यांचा मुद्दा.

गच्चीवर वास कळतो, बियर लवकर मिळत नाही एवढंच. आधी ग्लास. त्याला साबणाचा अंश लागलेला चालत नाही, फेस बसतो. मग तापमान. बर्फागत थंड बियर प्यायली की जीभ बधिर होते आणि चव कळत नाही. म्हणून फ्रीजमधून काढलेली बाटली थोडा वेळ तशीच ठेवायची. हे शास्त्र मेलबर्नच्या हवेत ठीक असेल. मे महिन्यात बालाघाटच्या गच्चीवर बाटलीला घाम फुटतो, पटवारींना फुटतो आणि भाऊजी बाटलीला दोन बोटं लावून म्हणतात, "अजून एक मिनिट." तेवढ्यात लाइट जाते. "ओता न जी आता," ठेकेदार कळवळून सांगतात, "काढा करून पाजता का?"

ॲडलेडच्या कूपर्सची गोष्ट याच गच्चीवर घडली. कूपर्स 1862 पासूनची, एकाच घराण्याची. तिच्या बाटलीत तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो सगळीकडे मिसळावा म्हणून पिण्याआधी बाटली आडवी करून हलकेच घरंगळवतात. भाऊजींनी गच्चीच्या कठड्यावर हंटर घरंगळवून दाखवली. गाळून साफ केलेल्या बियरमध्ये यीस्ट कुठलं असायला? होता तो नुसता गॅस. झाकण उघडल्यावर निम्मी बियर गुरुजींच्या धोतरावर गेली. एकादशी होती. गुरुजी काही बोलले नाहीत, पण पुढच्या बैठकीला पँट घालून आले.

मापांबद्दल भाऊजी विशेष रंगतात. सिडनीत स्कूनर म्हणजे 425 मिली. ॲडलेडला स्कूनर मागा, 285 मिली हातात ठेवतील. आणि 425 हवी असेल तर पाइंट म्हणा. पाइंट मात्र मेलबर्नला 570. आपल्याकडे पायली गावागणिक बदलायची तसलाच हा प्रकार, आणि आडत्याला याहून जवळचं काय वाटणार! देश प्रगत असला तरी मापात घोळ ठेवून आहे, हे पाहून त्यांना तिथे प्रथमच घरच्यासारखं वाटलं, असं ते सांगतात.

इंडिया पेल एलची कथा त्यांनी सांगितली तेव्हा बैठकीत राजकारण शिरलं. इंग्लंडमधून जहाजाने हिंदुस्थानात यायच्या बियरीत जास्त हॉप घालत, लांबच्या प्रवासात ती टिकावी म्हणून, आणि त्या जातीच्या बियरीला पुढे हे नाव पडलं. आज ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत तिच्यावर लोक जीव टाकतात. "म्हणजे आपल्या देशाच्या नावाची," पटवारी म्हणाले, "अन् इथं मागितली तर खतम हो गई." कातूंबा नावाच्या डोंगरगावातल्या माउंटन कल्चरची 'स्टेटस को' ही पेल एल 2022 च्या लोकप्रिय बियरच्या मतदानात पहिली आली, हे ऐकून मात्र त्यांना धक्काच बसला. आयुष्यभर जमिनीच्या खटल्यांत त्यांनी स्टेटस कोचे हुकूम पाहिले होते. त्याने कोणाला आनंद होतो हे त्यांना नवीन होतं.

दुःखाचा प्रसंग म्हणजे बाल्टर. गोल्ड कोस्टजवळ करंबिनला काही नामांकित सर्फरांनी 2016 साली काढलेला हा कारखाना. त्यांची एक्सपीए भाऊजींनी मुलाच्या बाल्कनीत बसून प्यायली. मग कळलं की 2019 च्या अखेरीस तो एका बड्या कंपनीने घेतला आणि आता सगळा मामला जपानच्या असाहीकडे आहे. 2021 मध्ये स्टोन अँड वूडही लायनकडे गेली, म्हणजे पुन्हा जपानच, किरिन. भाऊजी हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बसतो. "छोटे होते तोवर जीव होता हो त्यात."

"विकणाऱ्याले पैसे बरे भेटले न?" ठेकेदारांनी विचारलं.

"ते भेटले."

"मग तुमी काऊन रडून राह्यले?"

याला भाऊजींकडे उत्तर नव्हतं. मला मात्र त्यांचं दुःख खरं वाटलं. ज्या घरची आडत त्यांनी सांभाळली, ती गेली तीन-चार वर्षं मोठ्या मिलवाल्यांच्या फोनवर चालते, आणि नाक कोणी विचारत नाही.

मेलबर्नहून त्यांनी काय आणलं? एकवीस रिकामे डबे, 375 मिलीचे, धुऊन, पुसून, मोज्यांमध्ये गुंडाळून. व्हिक्टोरियात नोव्हेंबर 2023 पासून रिकामा डबा परत केला की दहा सेंट मिळतात. ताईंनी हिशेब करून दोन डॉलर दहा सेंट सोडल्याचा ठपका विमानातच ठेवला. डबे आता बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसमध्ये आहेत. कबाडीवाला त्यांच्याकडे पाहून नुसता सुस्कारा टाकतो. एकात ताई विणकामाच्या सुया ठेवतात, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला होता. पाहुणा आला की भाऊजी ग्लासात हंटर ओततात आणि शेजारी बाल्टरचा रिकामा डबा ठेवतात. पाहुणा डबा पाहत पितो. पहिल्या घोटाला "वा, वेगळीच आहे," असं म्हणणारे मी स्वतः पाहिले आहेत.

भरलेले डबे पाच. कस्टमची मुभा दोन लिटरची, पाच डबे म्हणजे 1875 मिली. उरलेले 125 मिली सरकारकडे राहिले याची त्यांना अजून चुटपुट आहे. हे पाच डबे फ्रीजच्या भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीखाली. हेझी बियर ताजीच प्यावी, दोन-तीन महिन्यांत वास उडतो, हे आम्हाला भाऊजींनीच शिकवलेलं. पण डबे उघडायचे मुलीच्या लग्नात, असा त्यांचा संकल्प. मुलीने लग्न एक वर्ष पुढे ढकललं, मग आणखी एक. शेवटी ताईंनी पालेभाजीला जागा हवी म्हणून निर्वाणीचा इशारा दिला तेव्हा एक डबा फुटला.

पाच ग्लासांत घोट-घोट वाटणी झाली. गुरुजींनीही हुंगण्यापुरता ग्लास हातात घेतला. भाऊजींनी वाफ सोडली, डोळे मिटले. आम्ही वाट पाहत होतो: कवठ, संत्रं, मांजर, काय निघतं.

"पुठ्ठा," गुरुजी म्हणाले.

पुठ्ठाच होता. ओला पुठ्ठा, वह्यांचा गठ्ठा पावसात भिजल्यावर येतो तो. पटवारींनाही आला, ठेकेदारांनाही आला, मलाही आला. भाऊजींनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरोब्बर! ऑक्सिजन लागला की हाच वास येतो. पुस्तकात हाच लिहिलाय!" आजवर सांगितलेला एकही वास आम्हाला कधी आला नव्हता, या खेपेला सगळ्यांना एकच वास आला, तोही न सांगता. भाऊजींनी त्या बियरला पाचापैकी सव्वा गुण दिले. (ते पाव-पाव गुणांनीच मोजतात, गेल्या लग्नसराईत एका पंगतीच्या वरणाला पावणेचार मिळाले आणि आचाऱ्याला ते कमी वाटले.) तरी त्या संध्याकाळी ते जितके खूश होते तितके पॅसिफिक एलबद्दल बोलतानाही नसतात.

मोहाबद्दल त्यांना विचारायचं नाही. ठेकेदारांनी एकदा विचारलं, सरकारने मोहाच्या दारूला हेरिटेज केलं, अलिराजपूरची 'मोंड' आली, दिंडोरीची 'मोहुलो' आली, तुमी ते काऊन नाही हुंगत? "ती गाळलेली, ही आंबवलेली. खातं वेगळं," एवढं बोलून भाऊजींनी फाईल बंद केली.

सध्या त्यांचा स्वतःचा बेत चालू आहे: 'चिन्नोर लागर'. जपानी आणि अमेरिकन लागरमध्ये तांदूळ पडतोच, मग बालाघाटचा का नको? परवाना, पैसा, टाक्या, हॉप यांतलं काहीच नाही. लेबल तयार आहे, पुतण्याने कॉम्प्युटरवर करून दिलेलं. वैनगंगेच्या लाटेवर बारशिंगा उभा, डोळ्यांवर गॉगल, शिंगांना धानाच्या लोंब्या. गेला महिनाभर बैठकीत दुसरा विषय नाही. कान्हा अर्धं मंडल्यात आहे, ते लोक बारशिंग्यावर हक्क सांगतील, अशी पटवारींची हरकत; त्यापेक्षा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतला मजूर घ्या. गुरुजींना लोंब्या उलट्या काढल्यात असं वाटतं. ते पिणार नाहीत, पण चुकीचं चित्र छापू देणार नाहीत.

परवा ताई भजी घेऊन वर आल्या आणि लेबल हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"चिन्नोर सडवणार तुमी?"

"सडवणार नाही, आंबवणार."

"तेच ते. शंभर माणसाच्या पंगतीले आपण चिन्नोर मोजून काढतो, अन् हे पिंपात घालून राह्यले. कनकी काय मेली आहे का?"

भाऊजी गप्प बसले. आयुष्यभर कनकीचे ट्रक दारूच्या कारखान्यांकडे रवाना केलेल्या माणसाला दुसरं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. तांदूळ घालणारे बियरवाले बहुतेक तुकडाच घालतात, अख्खा महागडा दाणा कोणी घालत नाही, हे त्यांना ताईंपेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'चिन्नोर' वर काट मारली आणि वर बारीक अक्षरांत 'कनकी' लिहिलं.

पटवारींनी लेबल लांब धरून पाहिलं.

"मंग त्याचा गॉगल काढा जी," ते म्हणाले. "कनकीले गॉगल नाही शोभत."